कोळसा कोणाला जागा देतो?



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला आता म्हातारपणी कोळसा कुठून आठवला? शंका रास्त आहे. पण माझ्या मते गाव अगदी योग्य आहे. असोदा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, हे बहिणाबाईंचं माहेर. दुसरी, इथलं भरताचं वांगं. आणि भरीत म्हटलं की आधी विस्तव आला. कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि पूर्ण जळू दिल्या, तर मागे राख उरते. त्याच काड्या अर्धवट जळल्यावर हवा तोडून विझवल्या, तर कोळसा उरतो. राख मुठीत धरली की भुगा होते. कोळशाचा तुकडा मात्र काडीचा आकार धरून राहतो, आणि हातात घेतला तर आश्चर्य वाटावं इतका हलका लागतो. हलका का? कारण तो आतून पोकळ आहे. काडीतल्या बारीक नळ्या तशाच राहिल्या आणि त्यांच्या भिंतींत आणखी हजारो भोकं पडली.

या भोकांत हवा शिरते. नुसती शिरत नाही, भिंतींना चिकटते. आजचा माझा प्रश्न असा आहे: कोळशासमोर एकच वायू नसून चार-पाच वायू एकत्र आले, तर कोळसा त्यातल्या कोणाला जागा देतो आणि कोणाला उठवतो? प्रश्न लहान दिसतो, पण माणसाला त्याचं नीट उत्तर मिळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. त्या उत्तराशी खाणीतल्या मजुराचा जीव, दीपनगरच्या कोळशाच्या ढिगाला लागणारी आग आणि बंद खोलीत पेटवलेली शेगडी, अशा तीनही गोष्टी जोडलेल्या आहेत.

आधी एक खुलासा. मराठीत कोळसा हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात. लाकूड जाळून केलेला तो लोणारी कोळसा. जमिनीतून निघतो तो दगडी कोळसा. एक काल-परवाच्या झाडाचा, दुसरा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. दोन्हींत कार्बन मुख्य, दोन्ही आतून सच्छिद्र, म्हणून वायू धरण्याचा गुण दोघांतही आहे. इतिहास मात्र लोणारी कोळशापासून सुरू होतो.

स्वीडनचा रसायनज्ञ शेले याने १७७३ मध्ये नोंदवलं की कोळसा वायू आत घेतो आणि तापवला की परत सोडतो. १७७७ मध्ये इटलीतल्या फोंताना याने एक सुंदर प्रयोग केला. लालबुंद निखारा पाऱ्यात विझवायचा, म्हणजे त्याच्यातली हवा निघून गेलेली असते आणि नवी शिरायला वाव नसतो. मग तो तुकडा पाऱ्यावर उपड्या धरलेल्या नळीत, वायूच्या खाली सोडायचा. नळीतला पारा वर चढायला लागतो. म्हणजे वायू कमी होतोय. जातो कुठे? कोळशात.

पण कोणता वायू किती जातो, हे मोजलं जिनिव्हाच्या द सोस्यूर याने. या माणसाचं नाव शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं. झाड आपल्या अंगातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं आणि पाण्याचाही त्याच्या वजनात वाटा असतो, हे नीट मोजून दाखवणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १८०४ चं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८१४ मध्ये, त्याने कोळशाचे आकडे प्रसिद्ध केले. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचा कोळसा घेतला आणि एका घनमापाच्या तुकड्यात किती घनमाप वायू मावतो ते पाहिलं. अमोनिया ९०. सल्फर डायऑक्साइड ६५. कार्बन डायऑक्साइड ३५. केळी पिकवणाऱ्यांच्या ओळखीचा इथिलिन, तोही ३५. मग आकडे एकदम खाली येतात. कार्बन मोनॉक्साइड ९.४२, ऑक्सिजन ९.२५, नायट्रोजन ७.५, मिथेन ५, आणि शेवटी हायड्रोजन, अवघा १.७५.

ही यादी पुढे आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे. तिचं एक सूत्र आहे: जो वायू दाबाने किंवा थंडीने सहज द्रव होतो, तो कोळशात जास्त बसतो. जो सहजासहजी द्रव होत नाही, तो कमी. म्हणजे ज्या वायूच्या कणांना मुळातच एकमेकांना चिकटायची सवय आहे, ते कोळशालाही चिकटतात.

सोस्यूर आणखी एक पाऊल पुढे गेला, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. एका वायूने पूर्ण भरलेला कोळसा त्याने दुसऱ्या वायूत ठेवला. काय व्हायला हवं? कोळसा भरलेला आहे, म्हणजे दुसऱ्याला जागा नाही, असं आपण म्हणू. तसं झालं नाही. पहिल्या वायूचा काही भाग बाहेर आला आणि दुसऱ्याचा काही भाग आत गेला. म्हणजे बाहेर दुसरा कोणी आला की ‘भरलेला’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

इथे मला आमच्या वैशेषिक दर्शनाची आठवण होते. वैशेषिकांनी वस्तूंच्या संबंधांचे दोन प्रकार सांगितले. एक संयोग, दुसरा समवाय. झाडावर पक्षी बसला, हा संयोग. दोघं आधी वेगळे होते आणि पुन्हा वेगळे होऊ शकतात. धागे आणि कापड, हा समवाय. धाग्यांपासून कापड वेगळं काढून दाखवता येत नाही. संयोगाचं वैशिष्ट्य असं की तो गुण एकट्या झाडात नसतो, एकट्या पक्ष्यातही नसतो, दोघांत मिळून असतो. कणादांनी कोळशाचा विचार केला होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं हा इतिहासावर अन्याय होईल. पण हा भेद मनात ठेवला तर पुढचं रसायन समजायला सोपं जातं. कोळशावर वायू नुसता बसला असेल तर तो संयोग, दाब कमी केला की उडून जातो. पण काही वायू कोळशाशी रासायनिक रीतीने जखडले जातात आणि मग ते मूळ रूपात सुटून येत नाहीत. त्याला समवाय म्हणू नये, पण ओढ त्या बाजूची आहे.

या बसण्याला शास्त्रात नाव मिळालं ते १८८१ मध्ये, जर्मनीच्या कायझर यांच्याकडून. आपल्याकडे त्याला अधिशोषण म्हणतात. अधि म्हणजे वर. स्पंज पाणी पितो ते शोषण, आणि पृष्ठभागावर थर बसतो ते अधिशोषण. आता तुम्ही म्हणाल, पृष्ठभागावर बसून असं किती बसणार? मंडळी, पृष्ठभाग बाहेरून दिसतो तेवढाच नसतो. चांगल्या सक्रिय केलेल्या एका ग्रॅम कोळशातल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजार चौरस मीटरच्या आसपास जागा होते. साधारण पाव एकर. चिमूटभर कोळशात पाव एकर शेत आहे.

या गुणाचा उपयोग लोकांनी फार लवकर ओळखला. लंडनच्या स्टेनहाउस याने १८५४ मध्ये कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. १९०४-०५ च्या सुमारास जेम्स ड्यूअर याने द्रवरूप हवेइतक्या थंडीत कोळसा ठेवून त्यावर साधी हवा सोडली. नायट्रोजन, ऑक्सिजन कोळशाने धरून ठेवले, आणि निऑन, हेलियम हे अल्प प्रमाणातले वायू बाहेर राहिले. मिश्रणातून निवड करायला कोळसा असा कामाला लागला.

मग पहिलं महायुद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियमच्या ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर आपली लाहोर डिव्हिजन उतरली आणि हिंदी शिपायांनी तो वायू छातीत घेतला, बहुतेकांनी तोंडावर ओला कपडा बांधून. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा केला. पुढे नारळाच्या करवंटीचा कोळसा सगळ्यांत चांगला ठरला, कारण करवंटी घट्ट आणि तिची छिद्रं फार बारीक. अमेरिकेत १९१८ मध्ये शाळेतल्या मुलांनी पीच फळाच्या कोयी गोळा केल्या, मुखवट्याच्या कोळशासाठी.

क्लोरीन जड, सहज द्रव होणारा, म्हणून कोळसा त्याला पकडतो. पण याच मुखवट्यावर विसंबून कोणी खाणीतल्या आगीत शिरला तर? सोस्यूरची यादी आठवा. कार्बन मोनॉक्साइड ९.४२, ऑक्सिजन ९.२५. दोघं जवळजवळ सारखे. साध्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के. मोनॉक्साइड प्राणघातक असतो तेव्हाही एक टक्क्याचा काही भागच असतो. तेव्हा या गर्दीत कोळसा त्याला वेगळं ओळखून धरणार कसा? धरत नाही. म्हणून मोनॉक्साइडसाठी निराळा उपाय काढावा लागला. महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत हॉपकलाइट नावाचं मिश्रण तयार झालं. मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचं. ते मोनॉक्साइडला पकडून ठेवत नाही, त्याचं कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. शंभर वर्षांआधी जिनिव्हात मोजलेला आकडा जीवन-मरणाचा ठरला तो असा.

आता सिद्धान्ताकडे येऊ. अमेरिकेत विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात संशोधन करणारे लँगम्यूर यांनी १९१६ ते १९१८ या काळात अधिशोषणाचं एक साधं चित्र मांडलं. १९३२ चं नोबेल त्यांना पृष्ठभागाच्या रसायनासाठीच मिळालं. त्यांचं चित्र मी एसटीच्या भाषेत सांगतो. कोळशाचा पृष्ठभाग म्हणजे गाडीतल्या सीट. एका सीटवर एकच प्रवासी. सगळ्या सीट सारख्या. प्रवासी चढताहेत, उतरताहेत, आणि जेवढे चढतात तेवढेच उतरायला लागले की गाडीतला आकडा स्थिर होतो. बाहेर स्टँडवर गर्दी वाढली, म्हणजे दाब वाढला, तर जास्त सीट भरतात. गाडी भरत आली की गर्दी कितीही वाढली तरी फरक थोडाच पडतो.

आता स्टँडवर दोन गावांचे प्रवासी आहेत असं समजा. एक गाव असं, की त्यांचा माणूस एकदा बसला की लवकर उठत नाही. दुसऱ्या गावचा माणूस चुळबुळ्या, बसला की उठतो. दोघांची संख्या सारखी असली, तरी थोड्या वेळाने गाडीत पहिल्याच गावचे जास्त दिसतील. पण चुळबुळ्यांची गर्दी पन्नास पट असेल, तर तेही बऱ्याच सीट धरतील. म्हणजे दोन गोष्टी ठरवतात: प्रत्येकाची पकड किती आणि मिश्रणात त्याचा वाटा किती. मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा आपला स्वतंत्र दाब असतो, हे डाल्टन यांनी १८०१ मध्येच सांगितलं होतं. त्यात पकडीचा हिशेब मिळवला की मिश्रणाचं सूत्र तयार होतं. १९३१ मध्ये मार्कहॅम आणि बेंटन यांनी सिलिकावर वायूंची मिश्रणं सोडून ते तपासलं. काही जोड्यांना सूत्र जमलं, काहींना जमलं नाही.

का जमलं नाही? कारण खऱ्या गाडीत सगळ्या सीट सारख्या नसतात. खिडकीची वेगळी, मागची वेगळी. काही जागा इतक्या अरुंद की त्यात बारीक माणूसच बसेल. आणि शेजारी कोण आहे यावरही बसणाऱ्याचं समाधान ठरतं.

इथे एका माणसाचा उल्लेख मला केलाच पाहिजे, कारण तो रसायनातून तत्त्वज्ञानात आला. मायकेल पोलान्यी, हंगेरीचे. लँगम्यूरच्याही आधी, १९१४ पासून त्यांनी वेगळं चित्र मांडलं होतं. कोळशाची भिंत दूरवर ओढ लावते, भिंतीजवळ ओढ जास्त, लांब गेलं की कमी, आणि त्या ओढीच्या खड्ड्यात वायू एकावर एक थरांनी साचतो, जवळजवळ द्रवासारखा. त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. अणूंमधली ओढ विद्युत स्वरूपाची असली पाहिजे आणि ती इतकी लांब पोचू शकत नाही, असा त्यांचा समज होता. पोलान्यींचा सिद्धान्त अनेक वर्षं बाजूला पडला. १९३० मध्ये लंडन नावाच्या शास्त्रज्ञाने अशी ओढ असू शकते हे क्वांटम सिद्धान्तातून दाखवलं. पुढे रशियात दुबिनिन यांनी याच कल्पनेवर बारीक छिद्रांच्या कोळशाचं गणित उभं केलं. पोलान्यी तोवर तत्त्वज्ञ झाले होते. १९६३ मध्ये त्यांनी या जुन्या प्रकरणावर लेख लिहिला. त्यात तक्रारीचा सूर नाही. विज्ञानाला रूढ मताची शिस्त लागते आणि त्या शिस्तीची किंमत कधीकधी एखाद्या बरोबर माणसाला मोजावी लागते, असा त्यांचा विचार. ज्याची किंमत स्वतः मोजली त्या शिस्तीची बाजू घेणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

१९६५ मध्ये मायर्स आणि प्रॉस्निट्झ यांनी मिश्रणाचा प्रश्न ऊष्मागतिकीच्या मार्गाने सोडवला. प्रत्येक वायूची एकेकट्याची मोजणी घ्यायची आणि त्यावरून मिश्रणाचं अनुमान करायचं. ही रीत आजही जगभर वापरतात. वायूंचा स्वभाव फार भिन्न असेल किंवा पृष्ठभाग फार असमान असेल तिथे ती चुकते, हेही वापरणाऱ्यांना माहीत असतं.

आता दगडी कोळशाकडे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपला कोळसा मुख्यतः वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर-यवतमाळकडचा, शिवाय नागपूरजवळचा कामठी आणि उमरेडचा. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ या काळात चालली. इंग्रज सरकारला कोळसा हवा होता रेल्वेसाठी, आणि नागपूरची गाडी आपल्या भुसावळवरून जाते. वाफेची इंजिनं गेली, पण रूळ तेच राहिले. आज त्यांच्यावरून वॅगनी भरून कोळसा दीपनगरला येतो. तिथला पहिला संच १९६८ चा.

बंगाल-झारखंडच्या काही खोल खाणींत मिथेन भरपूर. कोळशाच्या थरात तो कोट्यवधी वर्षं दाबाखाली चिकटून बसलेला असतो. खाण खणली, दाब उतरला, की सुटतो. १९५८ च्या फेब्रुवारीत चिनाकुरी खाणीत अशा स्फोटाने पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आपले खाण-नियम म्हणूनच खाणींचे तीन दर्जे करतात. टनामागे एक घनमीटरपर्यंत ज्वलनशील वायू निघाला तर पहिला, दहापर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. वर्धा खोऱ्यातल्या खाणी साधारणपणे पहिल्या दर्जात येतात. मिथेनची भीती कमी.

पण मिथेन कमी म्हणून कोळसा गरीब झाला असं नाही. त्याच्या सीट रिकाम्या आहेत, आणि बाहेर हवा आहे. हवा हेही मिश्रणच. नायट्रोजन येतो, बसतो, उठतो, काही करत नाही. ऑक्सिजन येतो तो आधी नुसता बसतो, आणि मग त्यातला काही कोळशाशी जखडला जातो. मघाचा संयोग आणि त्यापुढची पायरी, ती ही. प्रत्येक पायरीवर उष्णता निघते. ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडायला वाट नसेल तर कोळसा तापतो, तापला की ऑक्सिजन आणखी वेगाने घेतो, आणि एके दिवशी आतून धूर निघतो. काडी कोणी लावलेली नसते. त्यात आपला खानदेशी उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ढीग वाळून कोरडा ठणठणीत होतो आणि मग त्यावर वळवाचा पाऊस पडतो. पाणी पडलं म्हणजे कोळसा थंड झाला असं वाटतं, पण कोरड्या कोळशावर पाण्याची वाफ बसते तेव्हाही उष्णता निघते. म्हणून ढीग बुलडोझरने दाबून घट्ट करतात, हवेची वाटच बंद व्हावी म्हणून, आणि आधी आलेला कोळसा आधी वापरतात.

खाणीत भिंतीआड आग धुमसतेय की नाही हे कसं ओळखायचं? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रॅहॅम यांनी फार हुशारीची रीत काढली. नायट्रोजनला कोळसा खात नाही, म्हणून नायट्रोजनला साक्षीदार करायचं. स्वच्छ हवेत नायट्रोजनच्या ०.२६५ पट ऑक्सिजन असतो. समजा खाणीतल्या नमुन्यात नायट्रोजन ८० टक्के आणि ऑक्सिजन १९ टक्के निघाला. ८० च्या हिशेबाने ऑक्सिजन २१.२ हवा होता. म्हणजे २.२ कोळशाने गिळला. आता मोनॉक्साइड मोजा. तो ०.०१ टक्के असेल तर गुणोत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं, फारशी काळजी नाही. पण ०.०५ असेल तर ते दोन टक्क्यांच्या वर जातं. आत आग आहे, माणसं बाहेर काढा. नुसता मोनॉक्साइड मोजून हे कळलं नसतं, कारण ताजी हवा मिसळली की तो आकडा पातळ होतो. गुणोत्तर तितकं सहज फसत नाही. आमच्या दर्शनांत साक्षी म्हणजे जो पाहतो पण गुंतत नाही. या खाणीतला साक्षी नायट्रोजन.

आणखी एक धोका आहे, न दिसणारा. कोळशाने ऑक्सिजन घेतला आणि बदल्यात थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला, तर मागे काय उरतं? बहुतेक नायट्रोजन. ब्रिटिश खाणकामगार या कोंदट हवेला काळी वाफ अशा अर्थाचं नाव द्यायचे. ती म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, हे हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये दाखवलं. कोळशाने भरलेल्या बंद जहाजाच्या तळात किंवा बंकरमध्ये माणूस उतरतो आणि पहिल्या दोन-चार श्वासांतच कोसळतो, ते यामुळे. वास नाही, धूर नाही. मोनॉक्साइड ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी किंवा उंदीर बरोबर न्यावा ही सूचनाही हॉल्डेन यांचीच. ब्रिटनच्या खाणींत ते पक्षी १९८६ पर्यंत होते.

शेवटी आजचा प्रश्न. विजेसाठी कोळसा जाळून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा कोळशाच्याच खोल थरांत पुरता येईल का? कल्पना मोहक आहे. साधारण हिशेब असा की कोळशाच्या थरात नायट्रोजनपेक्षा दुप्पट मिथेन बसतो आणि मिथेनपेक्षा दुप्पट कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बरंच बदलतं. म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत सोडला तर तो मिथेनला उठवून स्वतः बसेल. इंधनही मिळालं आणि घाणही पुरली. अमेरिकेच्या सॅन वॉन खोऱ्यात १९९५ ते २००१ या काळात हे प्रत्यक्ष करून पाहिलं. मिथेन निघाला. पण कार्बन डायऑक्साइड बसल्यावर कोळसा फुगतो, भेगा मिटत जातात आणि वायू आत ढकलणं अवघड होतं. एसटीचं चित्र इथे तोकडं पडतं. प्रवासी बसल्यामुळे गाडीच आक्रसली, असं कधी होत नाही.

मग चिमणीतला धूरच सरळ सोडला तर? त्यात नायट्रोजनच जास्त. नायट्रोजनची पकड मिथेनपेक्षा कमी, पण तो गर्दीने येतो, बाहेरच्या मिश्रणातला मिथेनचा वाटा कमी करतो, आणि म्हणून मिथेन उठतो. मात्र थोड्याच दिवसांत मिथेनबरोबर तो नायट्रोजनही बाहेर यायला लागतो, आणि मग दोघांना वेगळं करायचा खर्च. कोळशाच्या थरात कार्बन पुरण्याच्या योजनांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत कोळसा किती टन वायू धरेल असे आकडे असतात. तुम्ही नागरिक म्हणून पुढचा प्रश्न विचारा: हा आकडा एकट्या वायूचा आहे की मिश्रणाचा? थर कोरडा धरलाय की ओला? आणि फुगण्याचा हिशेब केला आहे का?

मंडळी, व्यवहाराची एक गोष्ट सांगून थांबतो. कोळसा हवा शुद्ध करतो, ही समजूत आपल्या घरोघरी आहे, आणि वासाच्या बाबतीत ती खरीही आहे. कपाटात, फ्रिजमध्ये जरूर ठेवा. पण थंडीत दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणारा मोनॉक्साइड, खोलीत कितीही कोळसा टांगला तरी तो धरणार नाही. सोस्यूरची यादी आपण पाहिली. जुन्या विहिरीत, धान्याच्या पेवात किंवा कोळशाच्या बंकरमध्ये उतरण्याआधी आत हवा खेळवा. विहिरीत कंदील सोडून बघण्याची जुनी रीत चांगली आहे. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. पण ती रीत अपुरी आहे. मोनॉक्साइड असला तरी कंदील तेवतच राहतो, आणि मिथेन असेल तर उघडी ज्योत हाच स्फोट. एक माणूस आत कोसळला तर त्याच्यामागे लगेच दुसऱ्याने उडी घालू नये. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा बळी तसाच जातो, आणि तो भाऊ नाहीतर मुलगा असतो.

एखादी वस्तू काय करेल हे तिच्या एकटीच्या गुणावरून सांगता येत नाही, ती कोणाच्या संगतीत आहे ते पाहावं लागतं, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सांगताना मला नेहमी उदाहरण शोधावं लागायचं. कोळशाने ते मोजून दाखवलं आहे, दशांश चिन्हासकट.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.